एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा सायलेन्सर घरच्या लेथवर: प्रकल्प नोंदी

इंजिन: किर्लोस्कर ए.व्ही.१, ५ एचपी, १५०० आरपीएम, बोअर ८० मिमी, स्ट्रोक ११० मिमी, ५५३ सीसी, पाण्यावर थंड होणारे. जोडलेला अल्टरनेटर ३ केव्हीएचा. जागा: कोल्हापूर, घरामागची ९ इंची विटांची खोली, शेजारची हद्द १२ मीटरवर. हत्यारे: साडेचार फुटी लेथ, आर्क वेल्डिंग, बेंच ग्राइंडर. पत्रा वळवण्याचे काम तेवढे उद्यमनगरात (कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत).

१२ जानेवारी २०२५

काम सुरू करण्याआधी मोजमाप. जुना सायलेन्सर तळातून गंजून चाळणी झालेला. त्याचाच आकार बघून दुसरा बनवण्यात अर्थ नाही, कारण तो का गंजला आणि किती आवाज अडवत होता हे आधी कळायला हवे.

मोजायची पद्धत एकदा ठरवली की शेवटपर्यंत तीच ठेवायची. पाईपच्या तोंडापासून अर्धा मीटर, धुराच्या झोताशी ४५ अंशात, तोंडाच्याच उंचीवर. झोतात मायक्रोफोन धरला तर वाऱ्याचाच आवाज मोजला जातो आणि काजळीही बसते. भार म्हणून ५०० वॉटचे चार हॅलोजन, म्हणजे २ किलोवॉट. वेग अल्टरनेटरच्या ५० हर्ट्झवरून तपासला. इंजिन वीस मिनिटे तापवून मग रीडिंग.

प्रत्येक वेळी दोन आकडे घेतले: ए वजनाचा आणि सी वजनाचा. वजन म्हणजे मीटरमधली चाळणी, ती काही सूर कापून आकडा देते. बरेच जण फक्त ए घेतात आणि नेमके तिथेच फसतात. ए वजन २५ हर्ट्झला जवळपास ४५ डीबी (डेसिबल) कापून टाकते, सी तिथे साडेचारच्या आसपास कापते. एका सिलिंडरच्या इंजिनाचा खर्ज ए मध्ये दिसतच नाही, पण शेजारच्या खिडकीची काच त्यानेच थरथरते.

साधा सरळ पाईप, सायलेन्सर नाही: ११४ डीबी(ए), १२१ डीबी(सी).
जुना सायलेन्सर, तळाची भोके पत्र्याच्या पट्टीने बंद करून: १०४ डीबी(ए), ११७ डीबी(सी).

इंजिनाची स्वतःची खडखड किती हेही वेगळे काढले. टेलपाईपला (धूर बाहेर सोडणाऱ्या शेवटच्या पाईपला) ६ मीटर जादा पाईप तात्पुरता जोडून तोंड खोलीच्या पलीकडे नेले आणि आवाजाचा मीटर जुन्याच जागी ठेवला: ७२ डीबी(ए). मोजलेला आवाज या आकड्यापेक्षा १० डीबीहून जास्त असेल तोवर वजाबाकीची दुरुस्ती लागत नाही. त्याखाली आलो की मीटर धुराचा आवाज न मोजता टॅपेटची (झडपा हलवणाऱ्या भागांची) खडखड मोजायला लागतो.

उद्दिष्ट: डिझेल जनरेटरच्या मफलरसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांत किमान २५ डीबी(ए) घट हा आकडा येतो. ही घट साध्या पाईपच्या तुलनेत धरायची, जुन्या सायलेन्सरच्या तुलनेत नाही. म्हणजे ११४ वरून ८९ किंवा खाली.

१४ जानेवारी

हिशेब. चार स्ट्रोकचे इंजिन १५०० आरपीएमवर मिनिटाला ७५० वेळा धूर सोडते, म्हणजे सेकंदाला १२.५. आवाजात १२.५, २५, ३७.५, ५० अशी रांग असते. त्यातले खालचे सूर अडवायला सर्वांत अवघड.

आवाज कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, वाट अडवायची: जाळ्या, अरुंद भोके, वळणे. त्याने आवाज कमी होतो खरा, पण धूर मागे दाबला जातो, सिलिंडरमध्ये जळका वायू उरतो, इंजिन तापते आणि काळा धूर टाकते. दुसरा, धुराला एकदम मोठ्या जागेत सोडायचे. पाईपमधून येणारी दाबाची लाट रुंद कप्प्यात शिरली की तिचा मोठा भाग मागे परततो. वायू मात्र मोकळा वाहत राहतो. या प्रकल्पात मुख्य भर दुसऱ्या मार्गावर.

पाईप: ३२ एनबी (बाजारातले नाममात्र माप) मध्यम वर्गाचा काळा पाईप, बाहेरून ४२.४, आतून ३६ मिमी, आतले क्षेत्रफळ १०१८ चौ. मिमी. कप्पा: आतून १५० मिमी, क्षेत्रफळ १७,६७१ चौ. मिमी. गुणोत्तर १७.४. एका कप्प्यातून सर्वांत अनुकूल वारंवारतेला मिळणारी घट सुमारे १९ डीबी. एकूण लांबी ६०० मिमी, म्हणजे घनफळ १०.६ लिटर, इंजिनाच्या १९ पट. दहा पटीच्या खाली जायचे नाही असा सर्वसाधारण आडाखा आहे. एका सिलिंडरसाठी जितके जास्त तितके बरे.

धुरात ध्वनीचा वेग हवेतल्यासारखा ३४५-३५० मीटर नसतो. ३५० अंश सेल्सिअसला तो जवळजवळ ५०० मीटर प्रति सेकंद होतो. थंड हवेचा वेग धरून लांब्या काढल्या की सगळा सायलेन्सर चुकीच्या वारंवारतेला बसतो. ही चूक फार ठिकाणी दिसते.

कप्पे दोन केले, असमान: ३५० आणि २५० मिमी. कारण प्रत्येक कप्पा काही वारंवारतांना अजिबात अडवत नाही. लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी झाली की लाट आरपार जाते. ३५० च्या कप्प्यात ते छिद्र ७१४ हर्ट्झला आणि पुढे १४२९ ला, २५० च्या कप्प्यात १००० ला. दोन्ही कप्पे सारखे केले तर दोघांची छिद्रे एकाच जागी येतात. असमान ठेवले की एकाचे छिद्र दुसरा झाकतो: ७१४ हर्ट्झला दुसरा कप्पा अजूनही साडेसोळा डीबी देतो.

शिवाय पाईप कप्प्यात आतपर्यंत घुसवायचे. येणारा पाईप कप्प्याच्या निम्म्या लांबीइतका आत गेला की त्याच्याभोवतीची पोकळी पहिले छिद्र बुजवते. जाणारा पाईप पाव लांबीइतका आत घेतला की दुसरे. पाईपच्या टोकाशी लाट थोडी बाहेरपर्यंत जाते, म्हणून प्रत्येक लांबीतून सुमारे १० मिमी कमी. पहिल्या कप्प्यात १७५ ऐवजी १६५ आणि ८७ ऐवजी ७७; दुसऱ्यात १२५ ऐवजी ११५ आणि ६२ ऐवजी ५२. मधल्या पाईपची एकूण लांबी ७७ + ६ (दोन कप्प्यांमधल्या पडदीची जाडी) + ११५ = १९८ मिमी. आतल्या पाईपांनी अडवलेली जागा वजा जाता घनफळ १० लिटर राहते.

१९ जानेवारी

साहित्य जमवले.

२ मिमी एचआर (गरम लाटलेला) पत्रा, दोन तुकडे: ४७६ × ३५० आणि ४७६ × २५०. अंगाचा (बाहेरच्या नळकांड्याचा) मधला व्यास १५२, म्हणून घेर ४७७.५, सांध्याच्या फटीसाठी दीड मिमी कमी. ६ मिमी प्लेटचे १६८ मिमीचे तीन गोल, गॅसने कापलेले. ३२ एनबी काळा पाईप ३ मीटर. फ्लँजसाठी (बोल्टने जोडायच्या तबकडीसाठी) ८ मिमी प्लेट. ६०१३ चे अडीच मिमी वेल्डिंग रॉड.

पाईप गॅल्व्हनाइज्ड घ्यायचा नाही, कितीही स्वस्तात मिळाला तरी. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो, आणि इंजिनाच्या उष्णतेपुढे तो थर टिकतही नाही.

पत्रा रोलवर वळवताना दोन्ही कडांच्या शेवटच्या २५-३० मिमीला वळण मिळत नाही, त्या सरळच राहतात. तसाच जुळवला तर नळकांडे गोल न होता थेंबासारखे होते. रोलवर घालण्याआधी दोन्ही कडा १०० एनबी पाईपच्या तुकड्यावर लाकडी हातोडीने वळवून घेतल्या. रोलरवाल्याला हे आधी सांगावे लागते. सांगितले नाही तर तो सरळ रोलवर घालतो.

२५ जानेवारी

ताटल्या, म्हणजे प्लेटचे तीन गोल: दोन टोकांना, एक मधली पडदी. आधी विचार होता की मधली पडदी १४९.५ मिमीची करून नळकांड्यात सरकवायची आणि बाहेरून भोकांतून प्लग वेल्ड मारायचे. कागदावर हिशेब केल्यावर तो बेत सोडला. घेराला चहूकडून पाव मिमी फट राहिली तरी ती ११८ चौ. मिमी होते, म्हणजे पाईपच्या क्षेत्रफळाच्या साडेअकरा टक्के चोरवाट. त्याऐवजी अंग दोन तुकड्यांत, आणि पडदी दोघांच्या मध्ये सँडविचसारखी. सगळे वेल्ड बाहेरून, चहूबाजूंनी बंद.

तीनही गोलांना मधोमध १२ मिमीचे भोक पाडून, एकत्र रचून, बोल्टच्या मॅन्ड्रेलवर कसले आणि बाहेरचा व्यास एकाच वेळी १६० ला टर्न केला. गॅसने कापलेल्या कडेवर कडक साल असते. पहिला पास एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने घेतला की टोक दोन फेऱ्यांत जाते; कार्बाइड टिप, वेग ११५ आरपीएम, आणि पहिला कट सालीच्या खाली जाईल इतका खोल, दीड मिमी. वरवर ओरखडत राहिलात तर टूल सालीवरच घासत राहते. ६ मिमीची एकटी ताटली अशी धरली तर थरथरते आणि कडेवर लाटा उठतात; तीन एकत्र असल्या की जॉब घट्ट राहतो.

मग एकेक ताटली लेथच्या चकच्या उलट्या जॉमध्ये धरून: फेसिंग, १४९.८ व्यासाची दीड मिमी उंच पायरी, आणि त्याच सेटिंगमध्ये २५ मिमी ड्रिल, मग बोअरिंग बारने ४२.७. सेटिंग न मोडता तिन्ही केले की पाईप आणि अंग एका अक्षावर येतात. पडदीला दोन्ही बाजूंना पायरी लागते, ती उलटून धरताना डायलवर ०.१ मिमी फरक आला, चालण्यासारखा आहे. बोअर आधी ४२.४ ला ठेवला होता आणि पाईप जाईना. पाईपचा व्यास व्हर्नियरने चार ठिकाणी मोजला तर ४२.२ ते ४२.६. वर शिवणीचा उंचवटा वेगळाच, तो फाइलने काढला.

पाईप मध्यात न ठेवता बाजूला सरकवले असते तर तीव्र आवाज समोरासमोर आरपार गेला नसता. पण मध्यात ठेवल्याने कप्प्यातली पहिली आडवी लाट जागी होत नाही आणि लेथवरचे काम निम्मे होते. तीव्र आवाजासाठी पुढे रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) आहेच.

१ फेब्रुवारी

पाईप कापून लेथवर टोके काटकोनात फेस केली. आतली कोर काढायला विसरू नये. ती तशीच राहिली तर वाहत्या धुरात शिटी वाजते.

क्रम महत्त्वाचा: आधी पाईप ताटल्यांमध्ये वेल्ड, दोन्ही बाजूंनी, अंग जोडण्याआधी. नंतर आत हात पोचत नाही. ७५ ॲम्पियरवर तीन टॅक (ठिपक्याएवढे वेल्ड), १२० अंशांवर. गुण्याने काटकोन बघून मग बीड (वेल्डची सलग रेघ), समोरासमोरचे छोटे तुकडे करत. एका दमात गोल फिरलात तर ताटली बशीसारखी वाकते. पडदीला तसे झालेच: ०.८ मिमी वाकली. थंड झाल्यावर प्रेसमध्ये हलके दाबून ०.२ वर आणली.

२ फेब्रुवारी

अंगाच्या उभ्या शिवणी आधी मारल्या, तांब्याची पट्टी आतून टेकवून, म्हणजे २ मिमी पत्र्याला भोक पडत नाही. शिवण आतून ग्राइंड केल्याशिवाय पायरी बसत नव्हती. मग ताटली, ३५० चे अंग, पडदी, २५० चे अंग, ताटली अशी रचना, मधून एम१० ची लांब आटे असलेली सळई घालून नटांनी आवळली आणि बाहेरून गोल वेल्ड. ताटलीचा ३ मिमी काठ अंगाबाहेर राहतो, त्यावर बीड सुबक बसते. दोन्ही उभ्या शिवणी एका रेषेत न ठेवता ९० अंशांनी फिरवल्या.

प्रत्येक कप्प्याच्या तळाला ४ मिमीचे एक भोक. जुना सायलेन्सर गंजण्याचे कारण हेच की पाणी निघायला वाट नव्हती. एक किलो डिझेल जळले की जवळजवळ १.२ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते. सायलेन्सर थंड असताना ती वाफ आतच दवासारखी धरते, डिझेलमधल्या गंधकाशी मिळून आम्लयुक्त होते. इंजिन रोज दहा मिनिटे चालवून बंद करणाऱ्यांचा सायलेन्सर तासभर चालवणाऱ्यांच्या आधी गळतो तो यामुळे. भोकातून आवाज किंचित निसटतो, पण ४ मिमीला तो मोजण्यात येत नाही.

८ फेब्रुवारी

गळती चाचणी. भोके आणि दोन्ही तोंडे बंद करून ०.२ बार हवा, वर साबणाचे पाणी. त्याहून जास्त दाब द्यायचा नाही: सपाट ताटलीवर एवढ्याशा दाबालाही ३६ किलोचा जोर येतो. तीन ठिकाणी बुडबुडे, तिन्ही शिवण आणि गोल वेल्ड मिळतात तिथे. तिथे रॉड थांबवून पुन्हा सुरू केला होता आणि मधली स्लॅग (वेल्डवर साचणारी साल) काढली नव्हती. ग्राइंड करून पुन्हा भरले.

९ फेब्रुवारी

पहिली चाचणी, १ मीटर टेलपाईप लावून.

९२ डीबी(ए), ११४ डीबी(सी).

ए मध्ये २२ डीबी घट, कागदावर चांगली. पण सी मध्ये फक्त ७, आणि खोलीबाहेर उभे राहिले की छातीवर धप धप जाणवते. जुन्या सायलेन्सरला एवढा खर्ज नव्हता असे कानाला वाटते, मीटर मात्र त्याला ११७ देतो. बहुधा जुन्यात खर्जाबरोबर मधले सूरही होते. आता फक्त खर्ज उरल्याने तो उघडा पडला.

मागचा दाब: सायलेन्सरच्या आधी ६ मिमी तांब्याची नळी, पुढे पाण्याची यू-नळी. धडधडीने पाणी वरखाली उडते, म्हणून नळीत १ मिमी भोकाची बूच घातली. सरासरी ३५ मिमी पाणी. आपण ठरवलेली मर्यादा ३०० मिमी. हिशेबाने पाईपमधला धुराचा सरासरी वेग १२ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास येतो, त्यामुळे एवढेच अपेक्षित होते.

थर्मोकपल: आत शिरताना ३४० अंश, बाहेर पडताना २६०. सरासरी ३०० ला वेग ४८० मीटर. ५०० धरले होते, चार टक्के फरक, लांब्या बदलण्याची गरज नाही.

१५ फेब्रुवारी

खर्जाचा शोध. १० लिटरची पोकळी आणि पुढे १ मीटरचा पाईप ही रिकाम्या बाटलीसारखी रचना आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकले की ती घुमते, तिचा सूर पोटाच्या घनफळावर आणि गळ्याच्या लांबी-रुंदीवर ठरतो. गळा १०१८ चौ. मिमी आणि १ मीटर, पोट १० लिटर, वेग ४८० ते ५००: उत्तर येते २४.४ ते २५.४ हर्ट्झ. आणि इंजिनाचा दुसरा सूर नेमका २५. सायलेन्सर त्या सुराला अडवत नव्हता, उलट वाढवत होता.

खात्रीसाठी गव्हर्नरने (इंजिनाचा वेग राखणाऱ्या भागाने) वेग १३५० वर आणला (अल्टरनेटरवरचा भार काढून). दुसरा सूर २२.५ वर सरकला आणि धप धप लगेच उतरली, सी मध्ये ४ डीबी. भार नसल्याचाही थोडा वाटा त्यात असणार, पण १५०० वर भार काढून पाहिले तर घट १ डीबीचीच होती. निदान पक्के.

उपाय दोन. घनफळ वाढवायचे किंवा गळा लांब करायचा. गळा रुंद करणे उलटे पडते, सूर वर चढतो. घनफळ दुप्पट करायला नवा सायलेन्सर हवा. पाईप दुप्पट करायला एक मीटर पाईप पुरतो. २ मीटरला सूर १७-१८ वर येतो, १२.५ आणि २५ च्या मधोमध. दीड मीटर केला असता तर २०-२१, तेही पुरे झाले असते, पण वेग थोडा हलला तर पुन्हा जवळ. ३ मीटरला १४.५, म्हणजे पहिल्या सुराच्या अंगावर. टेलपाईप जितका लांब तितका बरा हा समज इथे खोटा ठरतो.

२२ फेब्रुवारी

२ मीटर टेलपाईप, भिंतीला समांतर वर नेलेला.

९१ डीबी(ए), १०७ डीबी(सी). सी मध्ये ७ डीबीची घट, एका पाईपच्या तुकड्याने. खोलीच्या दाराची कडी आता वाजत नाही.

मागचा दाब ४० मिमी.

१ मार्च

उरलेला आवाज फस् फस् असा तीव्र आहे. १५० मिमीच्या कप्प्यात सुमारे १९५० हर्ट्झच्या वर आडव्या लाटा सुरू होऊ शकतात; पाईप मध्यात ठेवून पहिली टळली तरी त्यावर हिशेब भरवशाचा राहत नाही. तिथे शोषून घेणारा भाग हवा.

टेलपाईपच्या मध्यावर ३०० मिमीचा तुकडा: आतून छिद्रांचा पाईप, बाहेरून १०० मिमीचे नळकांडे, मध्ये रॉकवूल. छिद्रे ३ मिमीची, ५ मिमी अंतरावर त्रिकोणी रांगेत, म्हणजे जवळपास ३३ टक्के उघडे क्षेत्र. २० टक्क्यांच्या खाली गेलात तर तीव्र आवाज छिद्रांतून आत पोचत नाही. एवढी छिद्रे ड्रिलने पाडण्यात हशील नाही, छिद्रांचा पत्रा आणून ४२ मिमीच्या सळईवर वळवला.

रॉकवूल २१० ग्रॅम, म्हणजे घनमीटरला ११० किलो. सैल भरले तर धडधडीने खाली बसते आणि वर पोकळी राहते. ठासून भरले तर आवाज आत शिरत नाही. छिद्रांवर आधी स्टेनलेस जाळीचे दोन वेढे, मगच लोकर, नाहीतर तंतू महिनाभरात धुराबरोबर उडून जातात. साधी ग्लासवूल नको, तिचा डिंक या तापमानाला जळतो. हातमोजे आणि मास्क घालूनच भरायचे.

हा भाग धुराच्या वाटेत मुख्य सायलेन्सरनंतर, कधीही त्याच्या आधी नाही. इंजिनाजवळ लावला तर काजळी आणि तेलाने लोकर भिजते आणि पेटूही शकते.

८७ डीबी(ए), १०७ डीबी(सी). खर्जावर लोकरीचा परिणाम शून्य, जसा असायला हवा. एकूण घट २७ डीबी(ए).

८ मार्च

बसवणूक. इंजिन रबरी माउंटवर हलते, सायलेन्सर भिंतीला पक्का. मध्ये १५० मिमीचे स्टेनलेस बेलो (घड्यांची लवचीक नळी). ते नव्हते तेव्हा चौदा तासांत फ्लँजच्या वेल्डच्या मुळाशी केसासारखी चीर आली. तिथून काळी रेघ दिसू लागली की धूर गळतोय असे समजावे. चीर वरून भरण्यात अर्थ नव्हता, पूर्ण ग्राइंड करून नवा वेल्ड.

सायलेन्सर तापून सव्वादोन मिमी लांबतो, टेलपाईप सहा-सात मिमी. म्हणून एकच क्लँप पक्का, बाकीच्यांना लांबट भोके. फ्लँजखाली ॲस्बेस्टॉस नसलेले, स्टेनलेस जाळीचे ग्रॅफाइट गॅस्केट. पहिल्या गरम फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.

अंगावर २५ मिमी सिरॅमिक ब्लँकेट आणि वरून पत्र्याचे कवच. २ मिमी पत्रा स्वतःच डब्यासारखा वाजतो, कवचाने तो आवाज मरतो आणि हात भाजायची भीती जाते. टेलपाईपचे तोंड छपराच्या वर, खिडकीपासून दूर. धूर खोलीत परत येत नाही हे उदबत्तीच्या धुराने दार-खिडकीशी तपासले. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण बंद खोलीत जीव घ्यायला तेवढा पुरतो.

१६ मार्च

हद्दीवर मोजणी, १२ मीटर: इंजिन बंद ४६, चालू ५८ डीबी(ए). ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी(ए) आहे; दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. हा आकडा काळाची सरासरी काढून धरतात. सोळा तासांत दोन तास ५८ असले तर इंजिनाचा वाटा सरासरीत ४९ वर येतो. पण सरासरीच्या आड लपणे बरोबर नाही. शेजाऱ्याला ऐकू येतात ते ५८ च. म्हणून चालवण्याची वेळ सकाळी १० ते १२ ठेवली, रात्री दहानंतर इंजिन लावायचे नाही. आता हद्दीवर जो आवाज येतो त्यात खोलीच्या दारातून निघणारी खडखड मोठी आहे. सायलेन्सर आणखी चांगला करून ती कमी होणार नाही. दाराला वळणाची हवावाट करणे हे वेगळे काम आहे.

३० एप्रिल

५० तास पूर्ण. तळाच्या भोकांपैकी पहिल्या कप्प्याचे काजळीने बुजले होते. खिळ्याने मोकळे केल्यावर अर्धी वाटी काळे पाणी निघाले. भोक ४ वरून ५ मिमी केले. दर आठवड्याला तारेने साफ करायचे. लोकरीचा भाग उघडून वजन केले: २१० वरून २०४ ग्रॅम, जाळी शाबूत. मागचा दाब ४२ मिमी. आवाज ८७ डीबी(ए), बदल नाही. पुढची तपासणी १५० तासांना. दाब ८० मिमीच्या वर गेला तर छिद्रांच्या पाईपमधली काजळी आधी बघायची.